लेकीच्या गालावरचं लेझर
आज लेकीच्या गालावरच्या लाल डागाला लेझर झालं. पोर्ट-वाइन स्टेन, म्हणजे कातडीतल्या जन्मापासून फुगलेल्या बारीक रक्तवाहिन्या. ५९५ नॅनोमीटर तरंगलांबीचा, प्रकाशाचे झटके देणारा पल्स्ड डाय लेझर त्यांतल्या हिमोग्लोबिनला तापवतो. वरची कातडी भाजू नये म्हणून आधी गार फवारा. "आई, रबर ताणून मारतायत," असं म्हणत प्रत्येक फ्लॅशला दचकत होती. आता गालभर जांभळे गोल ठिपके! आठ-दहा दिवस राहतील. खाजवायचं नाही, ऊन टाळायचं, सनस्क्रीन सक्तीचं. सासूबाई अजून ग्रहणात विळी धरल्याचंच काढतात. (मी ऐकून सोडून देते.) शेजारच्या बाळाला मात्र प्रोप्रॅनोलॉल हे औषध चालू आहे, तो हिमॅन्जिओमा, म्हणजे रक्तवाहिन्यांची गाठ, प्रकरणच वेगळं. डाग पूर्ण जाईल असं डॉक्टरांनी कबूल केलं नाही, फिका होईल म्हणाले. मला हे सरळ बोलणं आवडलं. पुढची खेप परीक्षा आटोपल्यावर.