रीडअहेडला पुढची फ्रेम ठाऊक नसते

गोरेगाव पूर्वेला, चित्रनगरीकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, जुन्या चित्रपटांच्या निगेटिव्ह स्कॅन करून त्यांचे पुनरुज्जीवन करणारी एक छोटी प्रयोगशाळा आहे. लिनक्स यंत्रणांचा वेग तपासणे आणि सुधारणे हा आमचा व्यवसाय असल्याने गेल्या पावसाळ्यात तिथून आम्हाला बोलावणे आले. एका जुन्या रंगीत मराठी चित्रपटाची रिळे स्कॅन होऊन तयार होती आणि त्याच दिवशी दुपारी चित्रपटाचे ज्येष्ठ छायालेखक स्वतः रंग पाहण्यासाठी दादरहून येणार होते, पण पडद्यावर चित्र सलग चालत नव्हते. दर काही सेकंदांनी ते क्षणभर थबके आणि मग पुढे सरके. ज्याने त्या चित्रपटाची प्रकाशयोजना केली, त्याला ती असे हिसके खात पाहायला लावणे कोणालाच मान्य नव्हते.

आधी आकडे मांडते, कारण या प्रकरणात सगळे आकड्यांवरच उभे आहे. फ्रेम 2048 गुणिले 1556 पिक्सेलची, प्रत्येक रंगाला 10 बिट, आणि तिन्ही रंग मिळून एका पिक्सेलला 4 बाइट. म्हणजे एका फ्रेमची डीपीएक्स फाइल (स्कॅन केलेल्या चित्रासाठीचा फाइल-प्रकार) सुमारे 12.7 मेगाबाइटची होते. सेकंदाला 24 फ्रेम दाखवायच्या तर साधारण 306 मेगाबाइट प्रतिसेकंद हवेत आणि एका फ्रेमच्या वाट्याला जेमतेम 41.7 मिलिसेकंद येतात. आठ डिस्क जोडून एकच मोठी डिस्क म्हणून वापरणारा हार्डवेअर रेड होता. तो बसवणाऱ्या कंपनीने मोठ्या ब्लॉकची, कॅशे (वाचलेला डेटा मेमरीत राखून ठेवण्याची जागा) टाळून केलेली चाचणी दाखवली होती आणि तिच्यात सेकंदाला जवळजवळ एक गिगाबाइटचा वेग दिसत होता. गरजेच्या तिप्पट वेग हाताशी असताना चित्र अडत होते, म्हणून डिस्कवाले प्लेअरकडे आणि प्लेअर लिहिणारे डिस्ककडे बोट दाखवत होते.

मी पोहोचले तेव्हा तिथल्या तरुण तंत्रज्ञाने एक वाक्य सांगितले, आणि माझ्या मते निम्मे निदान त्या वाक्यातच होते. "मॅडम, शॉट पहिल्यांदा लावला की अडकतो, पण तोच परत लावला की अगदी नीट चालतो." वीस सेकंदांचा शॉट म्हणजे 480 फ्रेम, सुमारे 6.1 गिगाबाइट, आणि यंत्रात 64 गिगाबाइट मेमरी होती. पहिल्या खेपेला डिस्कवरून आलेली पेजेस, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) पेज कॅशेमध्ये राहत होती आणि दुसऱ्या खेपेला डिस्कला हात लावण्याची गरजच पडत नव्हती. म्हणजे फ्रेम उलगडणारा आणि पडद्यावर काढणारा भाग निर्दोष होता. दोष डिस्क आणि कॅशे यांच्यामधल्या वाटेवर होता.

त्या वाटेवर काय चालले आहे हे पाहण्यासाठी आधी पेज कॅशे रिकामी केली, प्लेअर सुरू केला आणि शेजारच्या खिडकीत डिस्कच्या कामाचे आकडे दाखवणारे आयओस्टॅट लावून ठेवले. डिस्क 90 टक्क्यांहून अधिक व्यग्र दिसत होती. याच आकड्यावरून प्रयोगशाळेतल्या मंडळींनी डिस्क अपुरी पडते असा निष्कर्ष काढला होता. परंतु हा आकडा एवढेच सांगतो की त्या काळात उपकरणाकडे किमान एक मागणी प्रलंबित होती. रेडच्या मागे आठ डिस्क असतील, तर एकच राबत असली आणि सात रिकाम्या बसल्या असल्या तरीही उपकरण पूर्ण व्यग्रच दिसते. खरी गोष्ट शेजारच्या दोन रकान्यांत होती. मागणीचा सरासरी आकार 128 किलोबाइट होता आणि रांगेची लांबी एक-दोनच्या पुढे जात नव्हती. रेडमध्ये एका डिस्कवरचा सलग तुकडा 256 किलोबाइटचा होता, त्यामुळे 128 किलोबाइटची मागणी बहुतेक वेळा एकाच डिस्कवर जाऊन पडत होती. एक डिस्क सेकंदाला दीड-दोनशे मेगाबाइट देते आणि इथे 306 हवे होते.

128 किलोबाइट ही लिनक्सच्या रीडअहेडची मूळ मर्यादा आहे, म्हणजे 4 किलोबाइटची 32 पेजेस. प्रोग्रॅम फाइल क्रमाने वाचतो आहे असे दिसले, की कर्नल मागितल्यापेक्षा पुढचे अधिक वाचून ठेवतो. एका वेळी आणलेल्या भागातल्या, म्हणजे विंडोमधल्या, एका पेजवर तो खूण करतो. वाचणारा त्या पेजपाशी आला, की आधीची पेजेस संपण्यापूर्वीच पुढच्या विंडोची मागणी डिस्ककडे रवाना होते. ही रचना फेंगग्वांग वू यांनी केली आणि 2007 मध्ये 2.6.23 या आवृत्तीत ती मुख्य कर्नलमध्ये आली. विंडोचा आरंभ, तिचा आकार आणि पुढची विंडो केव्हा मागवायची याची सीमा, एवढ्या मोजक्या नोंदींवर ती चालते. मला ती आजही फार सुंदर वाटते, कारण प्रोग्रॅमने काहीही न सांगता ती त्याच्या सवयीवरून अंदाज बांधते आणि अंदाज चुकला तर लगेच आवरते घेते.

मात्र या नोंदी उघडलेल्या फाइलशी बांधलेल्या असतात. फाइल बंद झाली की त्या गेल्या. एका मोठ्या व्हिडिओ फाइलसाठी हे अगदी योग्य आहे, पण स्कॅन केलेल्या चित्रपटात प्रत्येक फ्रेम ही वेगळी फाइल असते. प्लेअर एक फाइल संपवतो, दुसरी उघडतो, आणि कर्नलच्या दृष्टीने सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. सेकंदाला चोवीस वेळा. दोन फाइलींच्या मधल्या क्षणी डिस्ककडे कसलीच मागणी नसते, आणि नव्या फाइलच्या पहिल्या वाचनाला प्रोग्रॅमला थांबून राहावेच लागते. आपण एक चित्रपट पाहतो आहोत आणि या फ्रेमनंतर पुढच्या क्रमांकाची फ्रेम येणार, हे प्लेअरला ठाऊक असते. कर्नलला ते कळण्याचा मार्गच नाही.

मी रीडअहेडची मर्यादा 128 वरून 4,096 किलोबाइट केली. सुधारणा ताबडतोब दिसली, तरी हिसके पूर्ण गेले नाहीत. प्लेअर 64 किलोबाइटच्या तुकड्यांत वाचत होता, त्यामुळे प्रत्येक फाइलची पहिली विंडो 256 किलोबाइटची, मग 512, मग 1,024, मग 2,048 आणि तेव्हा कुठे 4,096. पावणेचार मेगाबाइट वाचून झाल्यावर कर्नल पूर्ण वेगाला येतो आणि 12.7 मेगाबाइटवर फाइल संपते. विंडो हळूहळू वाढवणे हा शहाणपणाच आहे, नाहीतर छोट्या फाइलींसाठी मेमरी आणि डिस्क दोन्ही वाया गेले असते. पण आमच्या फ्रेमला तेवढी उसंत नव्हती.

यावर उपाय ठरलेला आहे. प्लेअरने पुढच्या फ्रेम उघडून पोसिक्स-एफॲडव्हाइज या सिस्टम कॉलने (प्रोग्रॅमने कर्नलला केलेल्या विनंतीने) ‘हा भाग लवकरच लागणार आहे’ अशी सूचना द्यायची, म्हणजे कर्नल तो भाग कॅशेमध्ये आणू लागतो. मी तसे सुचवताच प्रयोगशाळेचा प्रोग्रॅमर म्हणाला, "ते तर आम्ही पहिल्यापासून करतोय. पुढच्या दहा फ्रेमसाठी सूचना देतो, आणि कॉल शून्य परत करतो, म्हणजे एररही नाही." त्याने कोड दाखवला. कोड बरोबर होता. प्रत्येक फ्रेमसाठी शून्यापासून फाइलच्या शेवटापर्यंत एकच सूचना दिलेली होती.

सूचना पोहोचते आहे आणि परिणाम दिसत नाही, अशा वेळी मी तर्क करत बसत नाही. कॅशेमध्ये प्रत्यक्षात काय आले ते पाहते. रीडअहेडची मर्यादा पुन्हा 128 वर नेली, कॅशे रिकामी केली, प्लेअर न चालवता फक्त ती सूचना देणारा चार ओळींचा प्रोग्रॅम दहा फ्रेमवर चालवला आणि फिनकोअर या साधनाने प्रत्येक फाइलची किती पेजेस मेमरीत आहेत ते मोजले. सुमारे 3,100 पेजेसच्या प्रत्येक फाइलची बरोबर 320 पेजेस आली होती. दहाही फाइलींमध्ये तोच आकडा. 320 गुणिले 4 म्हणजे 1,280 किलोबाइट, आणि त्या उपकरणाला एका मागणीत पाठवता येणारा कमाल आकारही नेमका 1,280 किलोबाइट होता.

मग मर्यादा 4,096 करून तेच पुन्हा मोजले. आता प्रत्येक फाइलची 1,024 पेजेस आली, म्हणजे 4 मेगाबाइट. गोष्ट स्पष्ट झाली. अशी सूचना आली की कर्नल तिची लांबी रीडअहेडची मर्यादा आणि उपकरणाचा कमाल मागणी-आकार यांपैकी जो मोठा असेल तिथपर्यंत छाटतो, उरलेली सोडून देतो आणि तरीही शून्य परत करतो. त्या यंत्रावरच्या कर्नलचा स्रोत उघडून पाहिला, तर दोन ओळींत हेच लिहिलेले होते. आधी मर्यादा वाढवल्यावर दिसलेली सुधारणा काही अंशी इथूनही आली होती, हेही तेव्हा कळले.

प्रोग्रॅमर चिडला आणि मला त्याची चीड रास्त वाटली. सूचना ही सूचनाच असते, कर्नल ती पाळायला बांधील नाही, आणि एका बेफिकीर कॉलने सगळी मेमरी भरून टाकू नये म्हणून कुठेतरी सीमा असणे आवश्यक आहे. हे सर्व मान्य आहे. पण नऊ-दशांश भाग वगळला गेला हे सांगण्याची काहीच सोय नसावी, हे मला योग्य वाटत नाही.

कर्नलमध्ये बदल करण्याचा विचार आम्ही केला आणि बाजूला ठेवला, कारण ते यंत्र विक्रेत्याच्या देखभाल करारात होते आणि बदललेला कर्नल त्यात बसला नसता. त्याची गरजही नव्हती. छाटणी प्रत्येक कॉलला वेगळी होते, म्हणून पूर्ण फ्रेमसाठी एक सूचना देण्याऐवजी 1 मेगाबाइटच्या तेरा सूचना ओळीने द्यायच्या, एवढे पुरेसे होते. त्या सूचना वेगळ्या थ्रेडमधून, म्हणजे प्रोग्रॅममध्ये समांतर चालणाऱ्या दुसऱ्या धाग्यातून, देणे मात्र अत्यावश्यक होते, कारण कॉल न थांबता परततो असे म्हटले जात असले तरी डिस्कची रांग भरली की तो अडतो, आणि चित्र दाखवणाराच थ्रेड अडला तर सगळे मुसळ केरात. किती पुढे पाहायचे याचा हिशोब केला: बारा फ्रेम, म्हणजे अर्धा सेकंद, सुमारे 153 मेगाबाइट. त्याहून जास्त पुढे जाण्यात मला अर्थ दिसला नाही, कारण रंग पाहणारा माणूस सतत थांबतो, मागे जातो, दुसऱ्या शॉटवर उडी मारतो, आणि पुढे आणून ठेवलेले तेवढे वाया जाते.

उरला मागचा भाग. हजार फुटांच्या रिळात 16,000 फ्रेम असतात, म्हणजे सुमारे अकरा मिनिटे आणि 204 गिगाबाइट. अख्खे रीळ 64 गिगाबाइटच्या मेमरीतून एकदा गेले, की कॅशेमध्ये त्याचा शेवटचा तुकडा उरतो. रीळ पुन्हा सुरुवातीपासून लावले तर हवी असलेली फ्रेम नुकतीच बाहेर टाकलेली असते. दाखवून झालेली फ्रेम लगेच ‘आता नको’ अशी सूचना देऊन काढून टाकावी, असे प्रोग्रॅमरचे म्हणणे होते. मी त्याला विरोध केला. तसे केले असते तर शॉट पुन्हा लावल्यावर नीट चालतो, ही त्या खोलीतली एकमेव चांगली गोष्टही आम्ही घालवली असती. शेवटी मागच्या एका मिनिटाच्या फ्रेम ठेवायच्या, सुमारे 18 गिगाबाइट, आणि त्याआधीच्या काढत जायच्या, असे ठरले.

दुपारी कॅशे रिकामी करून पहिले रीळ सुरुवातीपासून लावले. आयओस्टॅटमध्ये मागणीचा आकार वाढला होता, रांगही भरलेली राहत होती, आणि प्लेअरच्या नोंदीत गळलेली फ्रेम एकही नव्हती. छायालेखक आले, पूर्ण रीळ त्यांनी न बोलता पाहिले आणि नंतर एका संध्याकाळच्या दृश्याकडे परत जायला सांगितले, कारण त्यातले आभाळ त्यांच्या मते जरा जास्तच निळे झाले होते.

त्याच चित्रपटाचे 4096 गुणिले 3112 पिक्सेलचे स्कॅनही त्यांना करायचे आहे. तिथे एक फ्रेम 51 मेगाबाइटची होते आणि सेकंदाला 1.22 गिगाबाइट लागतात. तो रेड सर्व डिस्क मिळूनही एवढे देत नाही, त्यामुळे कितीही पुढचे वाचून ठेवले तरी तूट भरून निघणार नाही. त्यांना मी लेखी कळवले आहे की त्या कामासाठी आधी डिस्क वाढवाव्यात आणि पेज कॅशे टाळून थेट वाचणारा मार्ग प्लेअरमध्ये घालावा, कारण त्या वेगाला कॅशेमधून प्रोग्रॅमच्या मेमरीत होणारी नक्कलसुद्धा प्रोसेसरला जड जाते.