मठाच्या दुमाला जमिनीची मोजणी : माझा अनुभव

आमच्या वाडीतल्या मठाच्या जमिनीची मोजणी करून घ्यायला मला सव्वा वर्ष लागलं. सिंधुदुर्गात, खारेपाटणच्या अलीकडे आमचं गाव. मठ म्हणजे एका गोसाव्याची समाधी, पुढे कौलारू पडवी, मागे विहीर आणि डोंगराच्या अंगाला थोडी भरड जमीन, तिच्यात काजू आणि चार जुने आंबे. त्या उत्पन्नावर समाधीचा दिवा आणि वर्षाचा भंडारा चालतो. वरच्या बाजूचा गडगा, म्हणजे दगडी बांध, मात्र दरवर्षी हातभर आत येत होता, आणि आम्ही सगळे भाऊबंद 'बघू नंतर' म्हणत बसलो होतो.

सातबारावर देवस्थान इनाम वर्ग ३ लागलेला आहे, म्हणजे देवस्थानाच्या खर्चासाठी इनाम दिलेली जमीन. ज्यांच्या गावात अशी जमीन आहे त्यांना एकच सांगेन, नुसत्या सातबारावर थांबू नका. तलाठ्याकडे गाव नमुना ३ असतो, दुमाला म्हणजे इनाम दिलेल्या जमिनींची नोंदवही, त्याचा उतारा आधी काढा, आणि भूमी अभिलेखमधून जुन्या टिपणाची, म्हणजे जुन्या मोजणीच्या नोंदीची, नक्कल घ्या. माझा पहिला अर्ज परत आला कारण मी लगतच्या खातेदारांची नावं पत्ते नीट दिले नव्हते, फक्त सर्व्हे नंबर टाकले होते. मला वाटलं नकाशा आहेच की, नावं कशाला हवीत. दोन महिने त्यात गेले.

त्याच दिवसांत मी खारेपाटणच्या ताम्रपटाबद्दल वाचत होतो. शके ९३०, म्हणजे इसवी सन १००८, जेठ महिन्याची पौर्णिमा. दक्षिण कोकणचा शिलाहार राजा रट्टराज याने आत्रेय नावाच्या शैव आचार्याला तीन गावं दिली, कुष्मांडी, असनवीर आणि वडंगूळ. हे आचार्य मत्तमयूर या शैव साधूंच्या परंपरेतले, अंभोजशंभूचे शिष्य, ती परंपरा मूळची मध्य भारतातली, आणि तिथला माणूस आपल्या खाडीकाठी मठ सांभाळत होता! दान कशासाठी तर अव्वेश्वराची पूजा, देवळाची डागडुजी आणि तपस्वी, विद्यार्थी, पाहुणे यांचं अन्नवस्त्र. शिवाय परदेशातून येणाऱ्या प्रत्येक गलबतामागे एक सोन्याचा गद्याण, म्हणजे तेव्हाचं नाणं. तेली, माळी, कुंभार, परीट यांची कुटुंबंसुद्धा नेमून दिलीत. हा ताम्रपट पहिल्यांदा छापला बाळशास्त्री जांभेकरांनी, तेही पोंभुर्ल्याचे, आमच्याच पट्ट्यातले.

पण मला खरं थांबवलं ते सीमांनी. जुन्या दानपत्रांत नकाशा नसतो ना, गाव द्यायचं तर पूर्वेला काय, दक्षिणेला काय, असं एकेक दिशा धरून शेजारचं गाव, ओढा, झाड सांगत जातात. म्हणजे हद्द कोणती तर शेजाऱ्याला माहीत असलेली. माझ्या अर्जात नेमकं तेच रिकामं होतं. त्या रात्री बसून चारी बाजूंच्या खातेदारांची यादी केली, त्यातले दोघे वारलेले, तिघे मुंबईला, मग त्यांच्या मुलांचे नंबर शोधत फोन. तारीख शिमग्यानंतर लगेचची मिळाली हे फार बरं झालं, सगळे चाकरमानी गावात होते.

मोजणीच्या दिवशी भूकरमापक रोव्हर, म्हणजे उपग्रहावरून जागा मोजणारं यंत्र, घेऊन आले. जुनं टिपण साखळीतलं, ३३ फुटांची साखळी, तिचे १६ आणे, आणि एक साखळी गुणिले एक साखळी म्हणजे बरोबर एक गुंठा, हे मला तिथे पहिल्यांदा कळलं. तीन बाजू दुपारपर्यंत जुळल्या. वरची बाजू अडली. शेजारचा मुलगा म्हणाला हद्द व्हाळाची, म्हणजे ओढ्याची, आणि आज व्हाळ वाहतो तो आमच्या काजूंच्या मधून.

तेव्हा त्याचेच आजोबा काठी टेकत वर आले. ऐंशीच्या पुढचे. खाली बसले, पालापाचोळा हाताने बाजूला केला आणि म्हणाले, "व्हाळ पयलो ह्या आंब्याच्या पलयाडसून जाय होतो रे, मागसून फिरलो. हद व्हाळार नाय, आंब्यार आसा." मी म्हटलं, "आबानू, कागदावर सही करशात?" तर म्हणाले, "मठाचा तेल आमच्या घरान पण खाल्लाला आसा, करतंय." आंब्याच्या बुंध्याशी कुदळ मारली तर वीतभर खाली दगड लागला, अर्धा मातीत, वरचा कोपरा घासून गुळगुळीत झालेला. टिपणातलं अंतर तिथपर्यंत मोजलं, ते आलं. माझ्या अंगावर काटा आला. नातवाने काही न बोलता पंचनाम्यावर सही केली.

'क' प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, हातात यायला पुढे महिना लागला. ती मठाच्या दफ्तरात ठेवली, आणि मागच्या बाजूला चारी दिशांच्या शेजाऱ्यांची नावं, आंबा, व्हाळाची जुनी वाट, सगळं मी हाताने लिहून काढलं. गडगा पाडून परत रचायचाय, तो नातूच दोन गडी घेऊन येतो म्हणालाय, पाऊस लागायच्या आत.