सातारा ते सांगली सायकलने, माणदेशाच्या वाटेने: मूळ गाव शोधायला निघणाऱ्यांसाठी

सातारा, कोरेगाव, पुसेगाव, दहिवडी, म्हसवड, दिघंची, आटपाडी, खरसुंडी, विटा, तासगाव, सांगली. कराडवरून हमरस्त्याने गेलं तर सांगली जवळपास निम्म्या अंतरात येते. पण ज्यांचे आजे-पणजे दुष्काळात, मुंबईच्या गिरण्यांत नाहीतर गलाईच्या (सोनं-चांदी गाळण्याच्या) धंद्यात बाहेर पडले, त्यांचे कागद, देव आणि भावकी याच आडवाटेवर विखुरलेली असते. म्हणून मार्ग नकाशावरून नाही, कागदावरून आखायचा.

घरातला सर्वांत जुना कागद काढा: शाळेचा दाखला, खरेदीखत, सातबारा, काहीही. त्यावर जिल्हा कोणता लिहिलाय ते आधी बघा. विटा किंवा तासगाव भागातल्या गावापुढे ‘जि. सातारा’ असेल तर कागद 1949 च्या आधीचा, ‘दक्षिण सातारा’ असेल तर 1949 ते 1960 मधला. सांगली हे जिल्ह्याचं नाव त्यानंतरचं. आटपाडी तर 1948 पर्यंत औंध संस्थानात होती, तेव्हा त्या काळातली नोंद मागताना अर्जात संस्थानाचं नाव घाला. नाहीतर कारकून सरळ ‘आढळ होत नाही’ असा शेरा मारून मोकळा होतो.

दुसरी अडचण नंबरांची. जुन्या कागदावर सर्व्हे नंबर असतो, आजच्या सातबाऱ्यावर गट नंबर. शेतजमिनींच्या एकत्रीकरणात हे बदलले. जोड लावायला भूमी अभिलेख कार्यालयातून 9(3)–9(4) चा उतारा घ्यावा लागतो, त्यानंतर तहसीलच्या अभिलेख कक्षातून जुने फेरफार, म्हणजे जमीन कोणाच्या नावावरून कोणाच्या नावावर गेली त्या नोंदी. वारसाचा फेरफार सापडला की पणजोबांच्या सगळ्या भावांची नावं एका ओळीत मिळतात, वंशावळीसाठी यापेक्षा चांगला कागद नाही. जन्म-मृत्यूसाठी गाव नमुना 14 मागा. जुनी पानं मोडी लिपीत असतात, फोटो घेऊन मोडी जाणकाराकडून वाचून घ्यावीत, तिथं उभं राहून डोकं खाजवण्यात अर्थ नाही.

माणचं तहसील दहिवडीला, खानापूरचं विट्याला, आटपाडीचं आटपाडीतच. तिन्ही वाटेवर आहेत. शनिवार-रविवार कार्यालयं बंद, त्यामुळे साताऱ्यातून सोमवारी पहाटे निघणं सोयीचं. नक्कल त्याच दिवशी हातात पडेल असं धरू नका. अर्ज टाका, पोच घ्या, नक्कल नंतर कोणाकरवी तरी मागवा.

आता रस्ता. सातारा ते म्हसवड नव्वद किलोमीटरच्या आत-बाहेर. कोरेगाव सोडल्यावर वर्धनगडाचा घाट हा दिवसातला खरा चढ, तो ऊन चढायच्या आत काढा. मुक्कामाला म्हसवडपेक्षा त्याच्या अलीकडचं गोंदवले बरं: भक्तनिवास आहे, प्रसादाची सोय आहे. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा पाठीशी असतो आणि हा भाग पर्जन्यछायेचा, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्येही इथं सायकल चालते. एप्रिल-मे टाळाच.

माणदेशात सायकलस्वाराचा खरा वैरी चढ नाही, काटा. बाभळीचा काटा लांब, तो टायरमधून आरपार जातो आणि लगेच कळतो. सराटा बारीक, तो टायरमध्ये रुतून बसतो आणि हवा सावकाश जाते. ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवा, जिथं तंतू अडकेल तिथं काटा. बोटाने चाचपाल तर बोट फोडून घ्याल आणि बारीक टोक तरीही राहील. मग नवी ट्यूबही चार-पाच किलोमीटरमध्ये बसते. टायर 35 मिमीच्या आसपास, आत काटा अडवणारी लायनरची पट्टी, ट्यूबमध्ये भोक बुजवणारं सीलंट, दोन जादा ट्यूब. बारीक तोंडाचा प्रेस्टा व्हॉल्व्ह असेल तर अॅडॉप्टर खिशात हवाच, गावच्या पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरचं तोंड त्याला बसत नाही. चहाला थांबाल तेव्हा सायकल रस्त्याकडेच्या गवतात घालू नका, निम्मे सराटे तिथूनच येतात.

कुलदैवत ‘सिद्धनाथ’ एवढंच माहीत असेल तर घरी पुन्हा विचारा: म्हसवडचा की खरसुंडीचा? दोन्हीकडे पूजा घालणारी घरं आहेत, पण भावकीचा माग बहुधा एकाच ठिकाणी लागतो. देवळात गुरवाला भेटा. पायऱ्यांवर आणि जोत्याच्या दगडांवर जुन्या देणगीदारांची नावं कोरलेली असतात. दुपारच्या डोक्यावरच्या उन्हात ती दिसत नाहीत. सकाळी लवकर जा किंवा टॉर्च दगडाला समांतर आडवा धरा, झिजलेली अक्षरं सावलीने उठून येतात. खडू, पीठ चोळू नका.

गावात पोचल्यावर पारावर ‘कुणाच्यातलं म्हणायचं?’ हा प्रश्न येणारच. आडनाव सांगून भागत नाही, अर्धं गाव त्याच आडनावाचं असतं. आजोबांचं आणि त्यांच्या वडिलांचं नाव, वाडीचं नाव, घराला पडलेलं टोपणनाव असेल तर ते, इतकं तयार ठेवा. आणि एक जरूर विचारा: ‘आपल्या भावकीचा हेळवी कोण?’ कर्नाटकाच्या सीमाभागातून येणारे हेळवी पिढ्यांच्या नोंदी वहीत राखतात आणि काही वर्षांनी गावात फेरी मारतात. त्यांचा फोन गावातल्या कोणाकडे तरी असतोच. सातबाऱ्यात ज्या बायकांची नावं कधी चढली नाहीत, त्यांच्या माहेरच्या गावांपर्यंत ही वही नेऊ शकते. मात्र वहीतलं सगळं फेरफाराशी ताडून बघा.

विटा-खानापूर पट्ट्यात गलाईवाल्यांची घरं वर्षभर कुलूपबंद असतात, माणसं देशभर पांगलेली. ती भेटतात दिवाळीला नाहीतर गावजत्रेला. म्हसवडचा रथ मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला. पण जत्रेत मुक्कामाला जागा नाही, रस्त्यावर सायकलला वाट नाही आणि तलाठी भेटत नाही. माणसं हवीत की कागद, ते आधी ठरवा. एका फेरीत दोन्ही साधत नाही.

विटा ते तासगाव ते सांगली हा टप्पा साधारण साठ किलोमीटरचा, सोपा, पण ऊसहंगामात दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर आणि द्राक्षांच्या पिकअप असतात. ट्रॉलीला मागे दिवा नसतो, म्हणून अंधार पडायच्या आत सांगली गाठा. परतीला सायकल मिरजेच्या रेल्वे पार्सल ऑफिसात बुक होते. पेडल काढा, हँडल आडवं बांधा, चौकटीवर नाव आणि फोन लिहिलेलं कापड शिवा. ती तुमच्याच गाडीने येईल याची खात्री नसते, तेव्हा कागदांची पिशवी सायकलला न ठेवता अंगावर घ्या.