ट्रॅव्हलरमधला जुना कमोड काढून कॅसेट टॉयलेट बसवलं, तो अनुभव

आमची मोटरहोम म्हणजे आतून घरासारखी करून घेतलेली ट्रॅव्हलर. मागच्या कोपऱ्यात आधीच्या मालकाने घरातला चिनीमातीचा कमोड बसवला होता आणि खाली लोखंडी टाकी. घरचा फ्लश एका वेळेला तीन ते सहा लिटर पाणी ओढतो, गाडीत ते परवडत नाही. शिवाय जांबोटीच्या पुढे वळणं लागली की ट्रॅपमधलं, म्हणजे कमोडखालच्या वाकड्या नळीत वास अडवून धरणारं पाणी हिंदकळून निघून जायचं आणि टाकीचा वास थेट आत. आईचे गुडघे दुखतात, सौंदत्तीच्या यात्रेत तिला हाच एक आधार. म्हणून तो काढून कॅसेट टॉयलेट, म्हणजे खाली काढता येणारी मैल्याची छोटी टाकी (कॅसेट) असलेलं टॉयलेट, बसवायचंच असं ठरवलं.

टाकी रिकामी करून, धुऊन, पूर्ण वाळल्यावरच हात घातला. बोल्ट गंजून बसलेले, ग्राइंडरनेच कापावे लागले. कमोड उचलला तर खालचा प्लाय फुगून काळा पडलेला, बोट दाबलं की आत जात होतं. नवीन वस्तू कितीही चांगली असो, अशा तळावर ती टिकत नाही. तेवढा तुकडा काढून वॉटरप्रूफ प्लाय घातला, कडांना सीलंट भरलं, खालचं भोक पत्र्याने बंद केलं.

खरं काम पुढे होतं. कॅसेट बाहेरून ओढून काढायची असते, त्यासाठी गाडीच्या बाजूला दार पाडावं लागतं. बेळगावच्या उद्यमबागेतले फॅब्रिकेटर म्हणाले, "गडबड करू नका. आतला पाइप कुठनं गेलाय ते आधी बघूया की." पुठ्ठ्याचा साचा कापून आतून-बाहेरून लावून पाहिला. दार थोडं मागे सरकवल्यावर सांगाड्याचा उभा पाइप वाचला. तो कापला असता तर बाजूची ताकदच गेली असती. कापलेल्या कडेला लगेच प्रायमर लावायचा, आपल्याकडच्या पावसात उघडा पत्रा लवकर गंजतो.

पाण्याची नळी आणि १२ व्होल्टच्या पंपाची वायर सोपी गेली. पंपाला वेगळा फ्यूज मात्र हवाच.

आता वापराचं. आमची कॅसेट साधारण १८ लिटरची, भरली की वीसेक किलो होते, त्यामुळे चाकं आणि हँडल असलेलीच घ्यावी. ती घरच्या संडासातच ओतायची, ओढ्यात किंवा गटारात अजिबात नाही. सेप्टिक टँक असेल तर फॉर्मल्डिहाइडचं औषध वापरू नये, टाकीतले जिवाणू मरतात. रबरी सीलला व्हॅसलीन न लावता सिलिकॉन ग्रीस लावावं. आणि एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही: बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच आहे. गोव्याहून घाट चढून आलं की बाहेरचा दाब घटतो आणि बंद कॅसेटमधली हवा बाहेर ढकलू लागते. हवा सोडायचा व्हॉल्व्ह नीट चालतोय ना, हे घाट चढायच्या आधी बघून घ्या.