२.९४

दक्षिण कॅलिफोर्नियातल्या एका कम्युनिटी कॉलेजात मी संख्याशास्त्र शिकवते. इथं प्रवेशाला टक्केवारी लागत नाही. नुकती शाळा संपवलेली पोरं येतात, तशा दोन लेकरांच्या आयाही येतात. दोन वर्षं इथं काढायची आणि तिसऱ्या वर्षाला विद्यापीठ गाठायचं, असा रस्ता. आमच्याकडे ऑनर्स, म्हणजे नेहमीपेक्षा अधिक खोलात जाणारा अभ्यास, सुरू करायचं ठरलं, तेव्हा समितीत मलाही घेतलं. यूसीएलएची, म्हणजे लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाची, अशा कॉलेजांसाठी १९८५ पासून योजना आहे; मान्यता मिळालेलं ऑनर्स पूर्ण केलं की तिथं अर्जाला प्राधान्य मिळतं. आमच्या मुलांसाठी तेवढं दार उघडावं, अशी माझी मनापासून इच्छा होती.

वेगळा वर्ग काढायचा तर पुरेशी मुलं हवीत, नाहीतर वर्ग रद्द. म्हणून आम्ही ऑनर्स कॉन्ट्रॅक्टपासून सुरुवात केली. मूल नेहमीच्याच वर्गात बसतं, पण प्राध्यापकाच्या देखरेखीखाली सत्रभर स्वतःचं एक जादा काम करतं.

निवडीच्या दिवशी ३.२ च्या खाली जीपीए (चारपैकी सरासरी गुण) असलेले अर्ज संगणकानं आधीच बाजूला काढले होते. सहज चाळले, तर माझ्या वर्गातल्या एका मुलीचं नाव दिसलं. २.९४.

ही मुलगी रात्री गोदामात खोकी भरायची आणि तिथून बसनं थेट माझ्या आठच्या तासाला यायची. एकदा उशिराबद्दल विचारलं, तर तिनं वही पुढे केली. बसची ठरलेली वेळ आणि खरी वेळ, रोजची, पेन्सिलीनं लिहिलेली. एक पान पावसात भिजून सुरकुतलेलं. म्हणाली, "प्रोफेसर, सरासरी काढली तर उशीर सहा मिनिटांचा दिसतो. पण निम्म्याहून जास्त दिवस बस दोन मिनिटांत येते, आणि एखाद्या दिवशी पन्नास मिनिटं येतच नाही. नोकरी जाते ती त्या एका दिवसामुळे." हे काम मी तिला दिलेलं नव्हतं. ऑनर्स म्हणजे याहून वेगळं काय असतं?

तिची गुणपत्रिका उघडली. पहिल्या सत्रात चार विषय, चारही नापास. मग तीन वर्षं काहीच नाही. त्यानंतर बारा विषय, अकरांत ए, एकात बी. मी फळ्यावर मांडलं: ए चे चार, बी चे तीन, नापासाचं शून्य; ४७ भागिले १६, २.९४. पहिले चार वगळले तर ३.९२. म्हटलं, टोकाचे आकडे सरासरीला ओढून नेतात हे आपण तिसऱ्याच आठवड्यात शिकवतो, आणि तीच सरासरी लावून हिला बाहेर काढतोय.

एक सहकारी म्हणाले, सुरुवातीलाच नियम वाकवला तर विद्यापीठ विचारेल. त्यांचंही खोटं नव्हतं. पण मी स्वतः सातवीपर्यंत 'ड' तुकडीत होते. गणिताचे मास्तर आमच्या वाट्याला सगळ्यांत शेवटी यायचे. माझा आवाज चढला, हे मला नंतर कळलं.

तोवर गप्प बसलेल्या समुपदेशक बाईंनी विचारलं, "हिनं ॲकॅडमिक रिन्यूअलचा अर्ज केलाय का?" नंतरची कामगिरी चांगली असेल, तर जुन्या सत्राचे खराब गुण जीपीएच्या हिशेबातून वगळता येतात. गुणपत्रिकेवर ते दिसत राहतात, एवढंच. नियम जुनाच. तिला तो कुणी सांगितला नव्हता. नऊ वर्षं शिकवून मलाही ठाऊक नव्हता, आणि याची टोचणी अजून गेलेली नाही.

३.२ ची अट राहिली. पण दोघांनी गुणपत्रिका वाचल्याशिवाय एकही अर्ज बाजूला जाणार नाही, हे त्या दिवशी लिहून घेतलं. मला ते अपुरंच वाटतं.

दुपारी ती माझ्या खोलीत फॉर्म भरायला बसली. 'कारण' या शब्दापुढे तीन ओळी होत्या. तिनं लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. अर्ध्या तासानं कागद माझ्याकडे सरकवला. एकच ओळ होती: त्या सत्रात आई आजारी होती, आणि वर्ग सोडायचे तर आधी कळवावं लागतं हे मला माहीत नव्हतं.

मी सही केली. पावणेचारची बस पकडायला ती निघाली, जाताना वही मात्र माझ्या टेबलावर ठेवून गेली.