तीन मिलिमीटरच्या होलासाठी दोन महिने

काका जहाजावर होते तेव्हा त्यांनी जपानहून आणलेलं मॉडेल रेल्वेचं पितळी इंजिन माझ्याकडे आलं तेव्हा ते चालत होतं, पण लंगडत. चाकाच्या दर फेरीला एकदा ‘खट्’ करून अडखळायचं. ओ गेज नावाच्या मापाचं मॉडेल, म्हणजे खऱ्याच्या 48व्या हिश्श्याएवढं (1:48), रुळांतलं अंतर 32 मिलिमीटर. चाकांची मांडणी आपल्याकडच्या डब्ल्यूजी या वाफेच्या इंजिनासारखीच, 2-8-2: पुढे दोन, मध्ये आठ, मागे दोन. उघडलं, वाळून मेण झालेलं ग्रीस खरवडलं आणि दोष दिसला. चाकांना एकमेकांशी जोडणाऱ्या दांड्याची, म्हणजे साइड रॉडची, होलं झिजून लांबट झाली होती.

होलात बुश, म्हणजे धातूची बारीक नळी, बसवायचं, एवढंच काम. ठाण्यात वागळे इस्टेट असताना लेथवाल्याची काय वानवा, असं वाटलं होतं.

पहिल्या गाळ्यातल्या मालकांनी रॉड हातात घेतला आणि हसले. “खेळण्याचं आहे का, साहेब? ठेवून जा, उद्या देतो.” ते ‘उद्या’ सहा आठवडे चाललं. दर शनिवारी नौपाड्यातून रिक्षा करून जायचो. कधी कारागीर गावाला, कधी मोठ्या ऑर्डरची घाई. एकदा तर रॉडच सापडेना. शेवटी चहाच्या ट्रेखाली निघाला.

मिळाला तेव्हा बुश आरशासारखं चकचकीत होतं. घरी आणून चढवला, तर इंजिन जागचं हलेना!

परत गेलो. “होलाचं माप बघा ना, तीनला तीन आहे.” होतंच. पण झीज चारी बाजूंनी सारखी होत नाही, एकीकडेच होते. त्यांनी ड्रिल त्या लांबट होलातून तसंच घातलं आणि मध्यच सरकला. दोन होलांमधलं अंतर आणि दोन आसांमधलं अंतर जुळलं नाही की रॉड अडकणारच. हे मी आधी लिहून द्यायला हवं होतं, मान्य. पण सहा आठवड्यांत त्यांनीही विचारलं नाही.

सुटका झाली जुन्या बाजारातल्या एका घड्याळजींकडे. “लंबकाच्या घड्याळाचं हेच दुखणं असतं,” ते म्हणाले. बुश ठोकून काढलं, झिजलेल्या बाजूच्या बरोबर समोर बारीक कानस फिरवून मध्य मूळ जागी आणला, मग रीमरने, म्हणजे होल तासायच्या निमुळत्या हत्याराने, होल गोल करून जाड बुश दाबून बसवलं. उरलेली होलंही तशीच. एक दुपार लागली. पैसे सांगितले ते ऐकून मलाच लाज वाटली.

हो, चाकं आसावरून उपटू नका. साइड रॉड ज्यांवर बसतो त्या चाकांवरच्या क्रँक पिना दोन बाजूंना एकमेकींशी 90 अंशांत असतात. तो कोन गेला की नवीन बुशंही इंजिनाला चालवू शकत नाहीत. शिवाय वीज रुळांतूनच येते, म्हणून अशा इंजिनात एका बाजूची चाकं आसापासून इन्सुलेट केलेली असतात. मी एक आस उलटा बसवला होता; रुळावर ठेवताच शॉर्ट! आणि उघडण्याआधी फोटो काढा, हे तर सगळ्यात आधी सांगायला हवं होतं.

मोटर जोडण्याआधी इंजिन हाताने ढकलून पाहिलं. कुठेही न अडखळता टेबलाच्या कडेपर्यंत गेलं, जेमतेम पकडलं.

नमुन्याला दिलेली एक पिन अजून त्या गाळ्यातच आहे. राहू दे तिथेच.