टेबल सपाट तर पंख सरळ

विमानाचं मॉडेल घरी बांधायचं तर पैसे आधी टेबलावर घाला. हत्यारं हळूहळू जमतात. ३० मिमीचा फ्लश डोअर (सपाट, गुळगुळीत दरवाजा) घ्या, वर १२ मिमीचा सॉफ्टबोर्ड, म्हणजे भाग जागेवर धरणाऱ्या टाचण्या सहज घुसतात. टेबलाला पीळ असेल तर पंखही पिळलेला निघतो आणि विमान एकाच बाजूला झुकत राहतं. पीळ तपासायला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन दोरे तिरके ताणा. मध्ये ते एकमेकांना जेमतेम टेकले पाहिजेत. मग वरचा दोरा खाली घेऊन पुन्हा बघा.

बडोद्यात खरा त्रास पावसाळ्याचा. दांडिया बाजारातल्या जुन्या घरात तळमजल्याला ओल असेल तर वरची खोली मागून घ्या, घरचे कुरकुरले तरी. बाल्साचे (मॉडेलसाठीच्या हलक्या लाकडाचे) पातळ पत्रे भिंतीला टेकवलेत की वाकलेच. ते प्लास्टिकमध्ये गुंडाळून आडवे ठेवा, वर वजन. फासळ्यांसाठी (पंखाला आकार देणाऱ्या आडव्या पट्ट्यांसाठी) ताठ, चकचकीत ठिपक्यांचा पत्रा निवडा. ब्लेड बोथट झालं की बाल्सा कापला जात नाही, दबतो; ब्लेड बदलायला कंजुषी नको.

सायनो गोंद (झटपट चिकटणारा सुपरग्लू) हवेतल्या बाष्पानंच घट्ट होतो. बाटली सिलिका जेलसकट हवाबंद डब्यात, फ्रिजमध्ये ठेवा; काढल्यावर मात्र खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका, आत दव धरतं.